भूल नको म्हणणारी साळुबाई

७ जानेवारी २०२५, मंगळवार. नारायणगाव

औषध कंपनीचा माणूस नवीन वर्षाची डायरी देऊन गेला. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या झोपेच्या गोळीची जाहिरात आहे आणि शेजारी गाढ झोपलेल्या बाईचं चित्र. दिवसभर लोकांना झोपवून घरी यायचं आणि लिहायचं तेही एका झोपलेल्या बाईच्या डोक्यावर. फुकट मिळालीय म्हणून लिहिते. रोज लिहीन असं मुळीच नाही.

मी फिरती भूलतज्ज्ञ. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, जुन्नर, जिथून फोन येईल तिथं डिकीतली बॅग घेऊन जायचं, माणसाला झोपवायचं, परत उठवायचं आणि पुढच्या दवाखान्यात पोचायचं. सर्जनचं नाव पाटीवर असतं आणि पेशंटच्या तोंडी असतं. माझं नाव पेशंटला माहीतच नसतं, कारण तो शुद्धीवर असताना आमची ओळख चार मिनिटांची. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चार मिनिटांपेक्षा जास्त ओळख ठेवावी अशी माणसं फारशी भेटतही नाहीत.

आज डॉ. ऋषीनं नवीन खूळ काढलं. माझे सगळ्यात जास्त पेशंट ज्या दवाखान्यात असतात, त्याचा हा मालक. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. हात चांगला, डोकं अधूनमधून. पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आला आणि आता त्याला 'ताणमुक्त शस्त्रक्रिया' सुरू करायची आहे. पेशंटला आधी संमोहित करायचं, म्हणजे भुलीचं औषध कमी लागतं म्हणे. त्यासाठी माणूसही शोधून झाला. सूरजसर. हे सर टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर 'अंतर्मन केंद्र' चालवतात. चार वर्षांपूर्वी हेच गृहस्थ आमच्या शेजाऱ्यांना ठिबकच्या नळ्या विकत होते. त्या नळ्या पहिल्याच उन्हाळ्यात तडकल्या.

मी ऋषीला म्हणाले, माझं औषध शिरेत गेलं की पैलवानाला दहापर्यंत मोजता येत नाही, तुझ्या सरांना पैलवानाशी किती वेळ बोलावं लागतं? तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

९ जानेवारी, गुरुवार

सूरजसरांचं प्रात्यक्षिक झालं. लिननचा सदरा, आवाज एकदम मऊ, आणि मराठी अशी की टीव्हीवरच्या प्रवचनातून थेट उचललेली. बाहेरच्या बाकांवर पाच जणांना बसवलं, बोटांत बोटं अडकवायला लावली आणि सांगितलं की आता हात उघडणार नाहीत. तिघांचे उघडले. दोघींचे नाही. त्यातली एक आमची थिएटरची सिस्टर आरती, जिला मी आजवर शहाणी समजत होते.

नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, खरंच उघडत नव्हते का? ती म्हणाली, "उघडले असते मॅडम. पण उघडावेसेच वाटत नव्हते." मी म्हटलं, याला आमच्याकडे आळस म्हणतात.

सरांनी माझ्यावरही प्रयोग केला. डोळे मिटा, खांदे सैल सोडा वगैरे. दोन मिनिटांनी त्यांनीच जाहीर केलं की मॅडमचं मन बंद आहे. बंद कसलं, मी जुन्नरच्या सिझेरियनला कितीला निघायचं याचा हिशेब करत होते.

माणसाची शुद्ध म्हणजे काय चीज आहे हे मी वीस वर्षं जवळून पाहतेय. फार मोठी चीज नाही. चमचाभर पाण्यासारखं औषध शिरेत सोडायचं, की सरपंच लावणी म्हणायला लागतो आणि हेडमास्तर शिव्या द्यायला लागतात. मागं एका महाराजांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. शुद्धीवर येताना त्यांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला तो जिलबीबद्दल. बाहेर त्यांचे भक्त हात जोडून बसले होते. ज्या मनाचा एवढा बडेजाव सांगतात, ते मी रोज सुईच्या टोकानं बंद करते आणि चालू करते. त्यासाठी मला लिननचा सदरा लागत नाही.

माझी फक्त एक सवय आहे. औषध सोडता सोडता मी पेशंटला वाट विचारते. बाई असेल तर, माहेरी कुठून कसं जाता ते सांगा. गडी असेल तर घरापासून मळ्यापर्यंतची वाट. सांगता सांगता जीभ जड झाली की डोस किती लागला ते मला कळतं. यंत्रापेक्षा हे चांगलं. बहुतेक लोक पहिल्या दुसऱ्या वळणालाच झोपतात.

आमच्या घरात मंत्र, अंगारे आणि फुंकर मारणारी माणसं छप्पन साली बंद झाली. आजोबांनी दीक्षा घेतली आणि शिनोलीला परत येऊन देव्हाऱ्यासकट सगळं घोड नदीत सोडलं. ते म्हणायचे, आता आपल्या घरात फक्त माणसाचा शब्द चालणार. आता सत्तर वर्षांनी लिनन घातलेला भगत मी थिएटरात घेऊ? ऋषीला सांगितलंय, तो माणूस आत आला तर मी बाहेर.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टीच्या दिवशी फोन. साळुबाई म्हणून बहात्तर वर्षांची म्हातारी, मढची. जुना मधुमेह, डाव्या पायाची तीन बोटं काळी पडलेली, तळव्यात पू. काटा लागला होता, तिनं महिनाभर कुणाला सांगितलं नाही. चुलीच्या धुरानं फुप्फुसं गेलेली आणि हृदय चालतंय ते केवळ सवयीनं. सून लंकाबाई बरोबर आहे. तिनं अर्धी वाट जीपमध्ये सासूचा पाय मांडीवर घेऊन काढली.

बोटं काढून पू सोडला तर पाय वाचेल. थांबलं तर चार दिवसांत घोट्यावरून कापावा लागेल, आणि तेवढं ऑपरेशन हे हृदय सोसणार नाही. पूर्ण भूल मी देऊ शकत नाही. पाठीतलं इंजेक्शनही नको, तिला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. उरलं काय, तर घोट्याजवळ सुया मारून पाऊल बधिर करायचं आणि वरून थोडं केटामीन, म्हणजे हलकी भूल, द्यायची. पुवाजवळ बधिर करायचं औषध धड चालत नाही, निम्म्या वेळा फसतं. म्हणून वरून औषध हवंच.

सोपं काम आहे. मंगळवारी करू म्हटलं.

१३ जानेवारी, सोमवार

सोपं काम नाही. म्हातारी भूल घ्यायला तयार नाही.

लंकाबाईनं कागदावर अंगठा द्यायला सांगितलं तर साळुबाईनं हात पोटाशी घेतला. ऋषीनं समजावलं, तो हरला. मला वाटलं, नेहमीचा अडाणीपणा. मी खुर्ची ओढून बसले ती तासाभरानं उठले.

शहाऐंशी साली शाळेत कुटुंब नियोजनाचा कॅम्प लागला होता. साळुबाईची तीन वर्षांची पोरगी त्याच्या आदल्या पावसाळ्यात तापानं गेलेली. तिनं डॉक्टरला सांगितलं होतं की मला झोपवू नका, जिथं कापायचं तेवढंच बधिर करा. डॉक्टर व्हय म्हणाला आणि दंडात सुई मारली. मग ती वर आढ्याला जाऊन बसली, खाली बाकड्यावर स्वतःलाच पाहत. पत्रे उडून गेले. पोरगी समोर आली, हात पुढं करून उभी राहिली, आणि हिचा हात हलेना. हाक मारावी तर तोंडातून आवाज नाही. किती वर्षं ती तशी होती ते तिला सांगता येत नाही. शुद्धीवर आली तेव्हा बाया म्हणाल्या, घटकाभर झालीय.

मला तिचं बोलणं निम्म्यातच कळलं. केटामीन. डोळे उघडे, अंग दगड आणि मन भलतीकडे. कुणाकुणाला असं होतं. शांत खोली असावी, कुणीतरी जवळ बसून बोलावं, मग बरंच टळतं. पण सकाळी चाळीस बाया उरकायच्या कॅम्पात कोण जवळ बसतंय? त्या डॉक्टरला माझ्यासमोर उभा करा असं वाटलं.

ती म्हणाली, "पोरीला मी दोनदा सोडलं बाई. एकदा मातीत आन एकदा त्या शाळंत. आता तिसऱ्यांदा न्हाई. पाय सडू द्या."

मी तिला समजावलं, हे सगळं औषधामुळं दिसलं, तिथं कुणी नव्हतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी. वास्तविक मी खरं बोलत होते. पण खरं बोलून ती मरणार असेल तर त्या खऱ्याचं करायचं काय, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वॉर्डात तिळगूळ, साखरेचे पेशंटसुद्धा खाताहेत आणि नर्सा बघून न बघितल्यासारखं करताहेत. साळुबाईला रात्रीपासून ताप. लाली घोट्याच्या दिशेनं बोटभर वर आलीय.

ऋषी म्हणाला, भूल नको म्हणते ना, मग सूरजसरांना संधी देऊ. मी विरोध करणार होते, तेवढ्यात डोक्यात आलं की या भोंदूचा उपयोग आहे. तो पुढं बोलत बसेल, म्हातारी राजी होईल आणि मी मागून सलाइनमध्ये केटामीन सोडीन. थोडंच. तिला पत्ताही लागणार नाही. पाय वाचेल, सरांची पाटी चमकेल, सगळे खूश. सर गुरुवारी मोकळे आहेत, तोवर अँटिबायोटिकवर काढायचं.

साळुबाईला सांगितलं की एक सर येऊन तुमच्याशी बोलतील, पाऊल फक्त बधिर करू. तिनं सरांबद्दल काही विचारलं नाही. मला विचारलं, झोपेची सुई न्हाई ना? शपथ घ्या. मी म्हणाले, मी देवाची शपथ घेत नाही, शब्द देते.

ती म्हणाली, "शबूद बास."

आणि अंगठा दिला. लंकाबाई दारात उभी होती. ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "लई वर्सांनी त्यांनी कुनाचं ऐकलं बगा." मी चप्पल घालण्यात गुंतले.

पेशंटच्या भल्यासाठी खोटं बोलावं लागतं. सगळे डॉक्टर बोलतात. आजोबांचा जमाना वेगळा होता, त्यांना कुणाचा सडका पाय सांभाळायचा नव्हता. यावर आणखी लिहायची गरज नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

ऑपरेशन झालं. पाय वाचला. फार थकलेय. डावा हात कोपरापासून खांद्यापर्यंत भरून आलाय, कशामुळं ते कळत नाही. गाडी चालवतानाही ठणकत होता. उद्या लिहीन.

१७ जानेवारी, शुक्रवार

कालचं जसं झालं तसं लिहिते.

केटामीन मी सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून ट्रेमध्ये तयार ठेवलं होतं. घोट्याभोवती सुया मारल्या. पंधरा मिनिटांनी टोचून पाहिलं, तर बाहेरची कड मेलेली आणि अंगठ्याची बाजू जिवंत. साळुबाईनं पाय मागं घेतला. म्हणजे जे होणार वाटलं होतं तेच झालं. मी आरतीला खूण केली की मी देतेय. तेवढ्यात सरांनी सुरुवात केली.

सरांचं पाठांतर एकच आहे आणि ते बहुधा सगळ्यांना तेच ऐकवतात. "आपण एका सुंदर समुद्रकिनारी आहात. हळूहळू पाण्यात उतरत आहात. खोल, अजून खोल." म्हातारीची नाडी नव्वदवरून एकशे चाळीसवर गेली. सरांना वाटलं लागू पडतंय, त्यांनी आणखी खोल नेलं. मग ती उठून बसायला लागली आणि म्हणाली, "पान्यात नगं. पान्यात आमचं गाव हाये."

मढच्या खालचं धरण भरलं तेव्हा तिचं माहेर पाण्याखाली गेलं. सरांनी समुद्र कधी पाहिला असेल तर अलिबागच्या सहलीत. तिनं आयुष्यात एकच मोठं पाणी पाहिलं आणि त्यानं तिचं घर गिळलं. हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी सरांना बाहेर जायला सांगितलं. ते म्हणाले प्रक्रिया मध्येच तोडता येत नाही. मी काय म्हणाले ते इथं लिहीत नाही, पण ते गेले.

आता नाडी एकशे चाळीस आणि त्या हृदयाला हे झेपणारं नव्हतं. तिला आडवं केलं, उजव्या हातात तिचा हात घेतला आणि वेळ काढायला म्हणून नेहमीचं विचारलं. माहेरी कुठून जायच्या? पाणी यायच्या आधी?

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, मागल्या दारानं. मी म्हटलं, चला, मागल्या दारानं. बांधावरून जायचं, उजव्या हाताला करवंदाची जाळी. जाळीत काय असतं? भारद्वाज असतो. पुढं उतार आहे, दगड निसटतात. मग हळू चला, मी म्हटलं, मी आहे मागं. तिच्या आवाजातली धाप कमी झाली. ऋषीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मला म्हणायचं होतं, थांब, औषध देते. त्याला वाटलं, कर सुरू.

उतार संपला की खळं. खळ्यात बाजरी पडलेली. मग ओढा.

आणि मग ऋषी म्हणाला, "झालं मॅडम."

मी म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, ड्रेसिंगसुद्धा झालं. घड्याळात बारा वाजून पाच. सुरुवात सव्वाअकराला झाली होती. मला विचाराल तर दहा मिनिटं झाली असतील, फार तर. साळुबाई डोळे मिटून पडली होती, नाडी सत्तर, श्वास सरळ. तीन बोटं ताटलीत होती. अंगठ्याच्या बाजूला हाडापर्यंत खरवडलेलं.

ट्रेमध्ये माझ्या अक्षरातलं नाव लावलेली सिरिंज भरलेलीच होती.

वीस वर्षांत मी औषध द्यायला विसरले नाही. रक्तदाब मी स्वतः दर पाच मिनिटांनी लिहिते. कालच्या कागदावर साडेअकरापासून पुढं सगळं अक्षर आरतीचं आहे. तिला विचारलं, मी काय करत होते? ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्याबरोबर चालत होता मॅडम."

म्हणजे काय, असं विचारलं तर सांगते, ओढ्याला पाणी होतं. साळुबाई थांबल्या. म्हणाल्या, पोरीला कडेवर घ्या, तिला वाहून न्हील. तुम्ही म्हणालात, घेतली. आणि डावा हात असा वाकवून कमरेशी धरलात, तो शेवटपर्यंत खाली केला नाही. ओढा ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, भिजली का? तुम्ही म्हणालात, नाही, झोपलीय.

मी आरतीला म्हटलं, तू रक्तदाब लिहायला होतीस की माझ्याकडे बघत बसायला?

मला यातलं काही आठवत नाही. ओढा आठवतो. पाणी गार होतं, हे आठवतं, आणि ते आठवायचं काही कारण नाही.

दोन खुलासे संभवतात. एक, बधिर करायचं औषध उशिरा का होईना लागू पडलं. दोन, मधुमेहानं पायाच्या नसा आधीच मेलेल्या होत्या. दोन्ही पुस्तकात आहेत. मग मी टोचल्यावर तिनं पाय का ओढला, याचं उत्तर आज देत बसत नाही. आणि माझं म्हणाल तर थकवा. बुधवारी चार केसेस होत्या.

२० जानेवारी, सोमवार

सरांनी मोबाइलवर सगळीकडे पाठवलंय. 'नारायणगाव येथे संमोहनाखाली पायाची अवघड शस्त्रक्रिया यशस्वी.' सोबत त्यांचा फोटो, माझी टोपी घालून. त्या वेळी हे गृहस्थ खाली टपरीवर चहा पीत होते, आणि चहावाल्याला म्हणत होते की आज पेशंटची तयारी नव्हती. ऋषी फ्लेक्स लावायच्या विचारात आहे. घोडेगावच्या एका डॉक्टरनं मला फोन करून विचारलं, खरंच औषध न देता झालं का हो?

मी म्हणाले, व्यवस्थित बधिर केलं होतं. खोटं नाही. पूर्ण खरंही नाही. सरांचं पितळ एका वाक्यात उघडं पाडता येईल. पण ते वाक्य बोलले की लोक विचारणार, मग तुम्ही काय केलंत? म्हणून गप्प बसावं लागतंय, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतोय. एका थापाड्याची थाप माझ्या गप्प बसण्यावर उभी आहे.

भुलीच्या कागदाचा घोळ अजून मिटला नाही. केटामीनच्या रकान्यात 'दिले नाही' लिहिलं, सिरिंजमधलं सगळं आरतीसमोर ओतून टाकलं, तिची सही घेतली. शेजारी कारणाचा रकाना असतो. तिथं तीन दिवस काही लिहिलं नाही. आज लिहिलं, 'पेशंट शांत होती.' माझ्या हाताखालच्या एखाद्यानं असं कारण लिहिलं असतं तर मी तो कागद त्याच्या तोंडावर फेकला असता.

आज मंचरला एक गडी होता, अपेंडिक्सचा. नेहमीसारखी वाट विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आकडे मोजायला लावले. सातला झोपला. आकडेही चांगलेच आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

साळुबाई घरी गेली. जखम लाल, स्वच्छ, जशी असावी तशी. साखर आटोक्यात. मी जुन्नरला निघाले होते, मुद्दाम थांबायचं ठरवलं नव्हतं. जिन्यात लंकाबाई भेटली आणि म्हणाली, सासूबाई तुमाला बगितल्याबिगर जीपमधी बसत न्हाईत.

म्हातारी कॉटवर लुगडं सावरून तयार बसली होती. सगळ्यांशी तिचं बोलून झालं होतं. ऋषीच्या डोक्यावरून हात फिरवला, आरतीच्या हातात बोरं दिली. मला वाटलं, आता ओढ्याचं काही काढेल, पोरीचं काढेल, आणि मी काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवलंही होतं. तिनं त्यातलं एक अक्षर काढलं नाही. माझा हात दोन्ही हातांत धरला.

मग म्हणाली, "बाई, तुमी शबूद पाळला. त्या कॅम्पातला डाक्टर बी व्हय म्हनला व्हता, तुमच्यावानीच. लई गोड बोलायचा."

लंकाबाई शेजारी पिशव्या आवळत होती. खाली जीपवाल्यानं हॉर्न दिला. मला एवढंच म्हणायचं होतं की साळुबाई, सुई भरून ठेवली होती, माझ्या हातानं. त्या डॉक्टरनं केलं तेच मी करणार होते आणि ते झालं नाही यात माझं काही नाही. घरी सत्तर वर्षं फक्त शब्द चालतो, आणि मी तो देऊन चप्पल घालत बसले. हे म्हणायला काही फार वेळ लागला नसता.

मी म्हटलं, ड्रेसिंग एक दिवसाआड बदला आणि अनवाणी चालू नका. ती म्हणाली, व्हय. मी तिचा दुसरा पाय तपासल्यासारखं केलं, कारण त्यासाठी खाली वाकावं लागतं.